पक्की नोकरी आहे, पण ओढ डोंगराची, काय करू?

पत्र

सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत आठ वर्षं क्रीडाशिक्षक आहे. वय ३४, शिक्षण बी.पी.एड. कबड्डी आणि मैदानी खेळांचे संघ तयार करतो. गेल्या हिवाळ्यात नववीच्या मुलांना घेऊन एका खासगी संस्थेच्या तीन दिवसांच्या साहस शिबिराला गेलो होतो. माझ्या तासाला झाडाखाली बसून राहणारी दोन-तीन मुलं तिथे सगळ्यांच्या पुढे होती. तेव्हापासून डोक्यात एकच आहे, आपण हेच काम करावं. शिबिरवाल्यांनी ‘आमच्याकडे या’ असंही सांगितलं, पण पैसे कामाच्या दिवसांवर. पत्नी अंगणवाडी सेविका आहे, मुलगी तिसरीत. कोणता कोर्स करू? वय निघून गेलं का? नोकरी सोडू का?

एक क्रीडाशिक्षक

उत्तर

नमस्कार सर,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नोकरी आत्ता सोडू नका. दोन वर्षं धरून ठेवा आणि ज्या शाळेत आहात तिथेच हे काम सुरू करा. दोर बांधता येणारी माणसं या क्षेत्रात पुष्कळ आहेत. मुलांनी जे केलं त्यातून त्यांना काय कळलं, हे त्यांच्याच तोंडून काढून घेणारी माणसं फार थोडी आहेत. हे कसब तीच मुलं वर्षभर, आठवड्यातून दोनदा हाताखाली असतील तरच येतं. शिबिराच्या संस्थेकडे मुलं तीन दिवस येतात आणि जातात. तुमच्याकडे ती जूनपासून एप्रिलपर्यंत आहेत.

व्यवहाराचंही बघा. अनुदानित शाळेतली कायम जागा एकदा सुटली की तशी परत मिळणं अवघड. राजीनामा द्यायचा झाला तर १९८१ च्या खासगी शाळा कर्मचारी नियमावलीनुसार कायम कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, त्यामुळे ‘येत्या हंगामापासून या’ म्हणणाऱ्याला लगेच होकार देऊ नका. नोकरीत राहून सुट्टीत मानधनावर शिबिरं घ्यायची असतील तर शाळा चालवणाऱ्या संस्थेची लेखी परवानगी आधी काढा. मुख्याध्यापक तोंडी ‘जा की’ म्हणतात, पण मुख्याध्यापक बदलतात आणि फाईलमधला कागद राहतो.

आता तुमच्या त्या झाडाखालच्या मुलांबद्दल. डोंगराने त्यांच्यावर जादू केली असं वाटणं साहजिक आहे, पण बहुधा तिथे मोजमाप बदललं होतं. मैदानावर वेग आणि ताकद मोजतात, आणि त्यात कोण पुढे, कोण मागे हे पाचवीपासून सगळ्या वर्गाला पाठ असतं. शिबिरात काम नवं होतं, कोणालाच आधी येत नव्हतं, जोड्या वेगळ्या पडल्या होत्या. म्हणजे हा बदल शाळेच्या मैदानावरही घडवता येतो, आणि त्यासाठी कडा लागत नाही.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभवातून शिकण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: काही करणं, त्याकडे वळून बघणं, त्यातून सूत्र काढणं आणि ते पुढच्या वेळी वापरून बघणं. आपल्याकडची बरीच शिबिरं पहिल्या पायरीवर थांबतात. रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं) झालं, टाळ्या झाल्या, फोटो झाले, चला जेवायला. मुख्याध्यापकांना हे सगळं परदेशी खूळ वाटलं तर वर्ध्यात १९३७ साली मांडली गेलेली गांधीजींची नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, आणि पाबळच्या विज्ञान आश्रमात १९८३ पासून चाललेलं हाताने करत शिकणं, ही दोन नावं पुढे ठेवा. दोन्ही आपल्याच मातीतली आहेत.

सुरुवात एका दोरीने करा. १२ ते १५ मुलं आणि २० मीटर सुती दोरी. दोरी १०-१२ मिलिमीटर जाडीची घ्या, नायलॉनची बारीक दोरी हाताला काचते. टोकं बांधून तिचा वेढा करा आणि मुलांपासून सात-आठ पावलांवर टाकून ठेवा. जागा सपाट, दगड-खुंटे नसलेली. मुलांच्या डोळ्यांवर रुमाल. काम एवढंच: दोरी शोधायची, सगळ्यांनी धरायची आणि पूर्ण दोरी वापरून चौकोन करायचा. वेळ १५ मिनिटं. डोळे बांधून घ्यायला नको वाटणारं मूल असतंच, त्याला निरीक्षक करा. निरीक्षकाने कोण काय बोललं ते फक्त लिहायचं. तुम्ही कडेने फिरा आणि कोणी भिंतीकडे किंवा एकमेकांवर जात असेल तरच बोला. चालताना हात छातीसमोर, तळवे बाहेर, हा नियम रुमाल बांधण्याआधी सांगा. ४० मिनिटांच्या तासात ५ मिनिटं सूचना, १५ मिनिटं काम, १५ मिनिटं गोल बसून बोलणं आणि उरलेली आवराआवर. बोलण्याची १५ मिनिटं कापायची नाहीत. काम अर्धवट राहिलं तरी वेळ संपली की थांबवा. न जमलेल्या चौकोनावर मुलं जास्त खरं बोलतात.

बोलणं बिघडतं ते ठरलेल्या जागी. पहिला प्रश्न ‘कसं वाटलं?’ असेल तर उत्तर ‘छान’ येईल आणि विषय संपेल. घडलेली गोष्ट विचारा: दोरी पहिल्यांदा कोणाच्या हाताला लागली? त्याने इतरांना कसं सांगितलं? पहिला कोपरा कुठे ठरला, कोणी ठरवला? एकाच वेळी दोघं बोलत होते तेव्हा बाकीचे काय करत होते? घटना सगळ्यांच्या मते नीट लागली की मगच ‘असं का झालं?’ विचारा, आणि शेवटी ‘उद्या पुन्हा केलं तर काय बदलाल?’ काय झालं, मग काय, आता काय, असा हा क्रम आहे. शिक्षकाला घाई होते आणि तो पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारतो.

त्याहून मोठी चूक म्हणजे तात्पर्य आपणच सांगून टाकणं. ‘बघा मुलांनो, एकीचं बळ!’ असं एकदा म्हणालात की पुढच्या प्रत्येक वेळी मुलं तुम्हाला हवं तेच बोलतील, कारण सरांना काय ऐकायचं आहे हे त्यांना कळलेलं असतं. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजा. आठवीच्या वर्गात ही शांतता फार लांब वाटते, पण विचार करणारं मूल बहुधा सातव्या-आठव्या आकड्याला तोंड उघडतं. जे बोलतच नाहीत त्यांना बोटांनी दाखवायला सांगा: ‘माझं म्हणणं ऐकलं गेलं’, एक ते पाच. सगळ्यांनी डोळे मिटून एकदम हात वर करायचे. मोठ्या आवाजाचा एकच मुलगा सगळं चालवत असेल तर त्याला रागावू नका. दुसऱ्या फेरीत त्याने एक शब्दही न बोलता काम करायचं एवढा एकच बदल करा, आणि ती १५ मिनिटं त्याला कशी गेली ते नंतर सगळ्यांसमोर त्यालाच विचारा.

एक वही ठेवा. तारीख, इयत्ता, मुलांची संख्या, काय करून घेतलं, कोणत्या प्रश्नावर मुलं बोलती झाली आणि कोणत्या प्रश्नावर गप्प बसली. प्रत्येक तासाला चार ओळी पुरेत. दोन वर्षांनी मुलाखतीला जाल तेव्हा प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्याइतकीच ही वही बोलेल.

शाळेत यासाठी जागा कुठून काढायची? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवस सुचवले आहेत आणि एनसीईआरटीने २०२४ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वंही काढली. राज्याचा पहिली ते आठवीसाठीचा ‘आनंददायी शनिवार’ही आहे. तो दिवस कसा भरायचा हा प्रश्न शाळांना पडलेलाच असतो. ‘दर महिन्याचा एक शनिवार माझ्याकडे द्या, आराखडा मी लेखी देतो’ असं सांगाल तर नकार येण्याचं कारण कमी.

क्रीडाशिक्षक म्हणून तुमच्याकडे जे आहे ते या क्षेत्रात चोवीस वर्षांच्या गिर्यारोहकाकडे नसतं. साठ मुलांना आवाज न चढवता एका जागी आणणं, दुखापत ओळखणं, ऊन आणि थकवा वाचणं, कोणत्या पालकाला काय भाषेत सांगायचं ते जाणणं. हे कमी समजू नका. पण मैदानाच्या काही सवयी डोंगरात घातक ठरतात. मैदानावर नजर पुढच्यावर असते. डोंगरात गट सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या चालीने चालतो. हळू मुलाला शेवटी ठेवलं तर पुढचे दर वळणावर थांबून दम खातात, तो पोचला की सगळे उठतात, आणि ज्याला विश्रांती सगळ्यात जास्त हवी त्यालाच ती मिळत नाही. म्हणून त्याला लीडच्या, म्हणजे सगळ्यात पुढे चालणाऱ्या प्रमुखाच्या, मागे दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. बॅक लीडला, म्हणजे सगळ्यात शेवटी, तुमच्याइतकाच जाणता माणूस हवा, आणि त्याच्या मागे कोणीही राहता कामा नये.

दुसरी सवय शर्यतीची. ‘कोण आधी उतरतं बघू’ हे वाक्य दोरावर कायमचं बंद. तिसरी म्हणजे ‘घाबरतोस काय, चल’. किती पुढे जायचं ते मुलाने ठरवायचं. कड्याच्या काठाशी येऊन हार्नेस (कमरेचा सुरक्षा-पट्टा) घालून परत गेलेल्या मुलानेही त्या दिवशी काही केलेलं असतं आणि त्याची नोंद तितक्याच गांभीर्याने घ्यायची असते. ढकलून उतरवलेलं मूल खाली पोचतं, हसतंही, पण पुढच्या शिबिराच्या यादीत त्याचं नाव नसतं.

आता कोर्स. ३४ हे वय अजिबात उशिराचं नाही, पण रेंगाळायचंही नाही, कारण सरकारी गिर्यारोहण संस्थांच्या कोर्सना वरची वयोमर्यादा असते. त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक काढून ती आधी बघा. पाया म्हणजे बेसिक माउंटेनिअरिंग कोर्स, ज्याला सगळे बीएमसी म्हणतात. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट, मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था, पहलगामची जवाहर संस्था आणि अरुणाचलात दिरांगची संस्था, या पाच ठिकाणी तो होतो. साधारण चार आठवड्यांचा असतो. उत्तरकाशीला आधी तेखला इथल्या कड्यांवर प्रस्तरारोहण आणि मग डोक्रियानी हिमनदीवर बर्फातलं काम असतं. उन्हाळी सुट्टीत प्रवास धरून तो जेमतेम बसतो. मात्र मे-जूनच्या जागा फार आधी भरतात, म्हणून पुढच्या उन्हाळ्याच्या नावनोंदणीचं आजच बघा.

बीएमसीत ‘ए’ श्रेणी मिळाली तरच अ‍ॅडव्हान्स्ड कोर्सला जाता येतं, आणि तिथेही ‘ए’ मिळाली तरच प्रशिक्षकांसाठीचा मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन कोर्स. म्हणून ‘बघू, जमेल तसं’ म्हणून जाऊ नका. चार महिने आधीपासून आठवड्यातून चार दिवस पाच किलोमीटर धावा आणि रविवारी पाठीवर वजन घेऊन अजिंक्यतारा किंवा जवळचा कुठलाही गड चढा-उतरा. वजन ८ किलोपासून सुरू करून हळूहळू १५ पर्यंत न्या. कबड्डीपटूंचं शरीर झटक्याच्या ताकदीचं असतं. इथे तासन् तास एका चालीने ओझं वाहायचं असतं, आणि आधी बोलतात ते गुडघे. उतरताना सावकाश, छोटी पावलं टाकायची सवय आत्ताच लावा. बूट नवे घेतलेत तर किमान महिनाभर पायात वापरून मग न्या.

बीएमसीइतकंच, किंबहुना त्याआधी, प्रथमोपचार. साधा एक दिवसाचा वर्ग पुरणार नाही, कारण त्यात रुग्णवाहिका दहा मिनिटांत येते असं गृहीत धरलेलं असतं. तुमच्या कामात जखमी मुलाला रस्त्यापर्यंत आणायलाच चार तास लागू शकतात. त्यासाठी वाइल्डरनेस फर्स्ट एड हा दोन दिवसांचा आणि वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पाँडर हा साधारण ८० तासांचा कोर्स असतो. दुसरा महाग आहे, पण चांगल्या शाळा जाहिरातीत तोच मागतात. मसुरीच्या वुडस्टॉक शाळेचं हनिफल केंद्र या शिक्षणासाठी नावाजलेलं आहे. प्रमाणपत्राची मुदत दोन-तीन वर्षांची असते, नूतनीकरणाचा खर्च हिशोबात धरा.

पाण्यात काम करणार असाल, म्हणजे कोलाडला राफ्टिंग किंवा धरणावर कयाक (वल्ह्याची छोटी होडी), तर जीवरक्षकाचं वेगळं प्रशिक्षण हवं. गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत ते होतं. पोहता येतं म्हणजे वाचवता येतं असं नाही.

आणि हे ठळक लक्षात ठेवा: बीएमसी झालं म्हणून मुलांना दोरावर घ्यायचं नाही. त्या कोर्समध्ये तुम्ही स्वतः सुरक्षित कसं राहायचं ते शिकता. दुसऱ्याच्या मुलाचा जीव हातात घ्यायला जाणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली किमान दोन हंगाम सहायक म्हणून काढा. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाशी जोडलेल्या संस्था जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यांच्यात मिसळा, त्यांच्या मोहिमांत ओझी वाहा, बचाव पथकाच्या सरावाला जा. अपघात कसे होतात ते तिथे कळतं.

रॅपलिंगचे अपघात बहुतेक वेळा साध्या गोष्टींतून होतात. स्क्रू-गेट कॅरॅबिनरचं (फिरवून बंद करायच्या धातूच्या कडीचं) लॉक लावायचं राहिलं. हार्नेसचा पट्टा बकलमधून परत ओवायचा राहिला. केस, ओढणी किंवा सैल टी-शर्टचं टोक डिसेंडरमध्ये (उतरण्याचा वेग आवरणाऱ्या उपकरणात) ओढलं गेलं. दोर खालपर्यंत पोचलाच नव्हता आणि टोकाला गाठ नव्हती. वर काम करणारा प्रशिक्षक स्वतःच अँकरला (दोर बांधायच्या पक्क्या आधाराला) जोडलेला नव्हता, मुलाचा पट्टा ओढताना तोल गेला. म्हणून प्रत्येक मूल काठाशी येण्याआधी दोघांनी तपासायचं: एकाने हाताने धरून, दुसऱ्याने बघून, मोठ्याने बोलून. पन्नासाव्या मुलालाही तसंच. दुपारच्या जेवणानंतरची वेळ सगळ्यात वाईट, तेव्हा हात यंत्रासारखे चालतात आणि डोळे बघत नाहीत.

उतरायचा दोर १०.५ ते ११ मिलिमीटरचा स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणला जाणारा, हवा, आणि मुलाला वरून बिले द्यायचा, म्हणजे पाय सुटला तर धरून ठेवायचा, दोर वेगळा, वेगळ्या अँकरवर. अँकर किमान दोन, एकमेकांवर अवलंबून नसलेले. दोन अँकरकडून येणाऱ्या स्लिंगमधला (जोडपट्ट्यांमधला) कोन ६० अंशांच्या आत ठेवा. ६० अंशांना प्रत्येक अँकरवर भाराच्या ५८ टक्के ताण येतो. १२० अंशांना दोन्हीवर पूर्ण शंभर टक्के येतो, म्हणजे दोन अँकर लावूनही भार काहीच वाटला जात नाही. उतरायचा दोर वरून सोडता येईल असा बांधा. अधांतरी अडकलेल्या मुलाला दोराने खाली घेता आलं पाहिजे, कोणी उतरून जाण्याची वाट बघावी लागता कामा नये. न वापरलेला दोरही उत्पादनापासून दहा वर्षांनी बाद, आणि वापरातला त्याच्या खूप आधी. प्रत्येक दोराची वही हवी: कधी घेतला, किती वापरला, कधी तपासला.

सह्याद्रीचे स्वतःचे धोके हिमालयातल्या कोर्समध्ये फारसे शिकवत नाहीत. पहिला धोका आग्या मोहोळांचा. कड्यांना ती लटकलेली असतात, आणि धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा, वरून पडलेला दगड यांनी उठतात. आदल्या दिवशी दुर्बिणीने कडा तपासा, मोहोळ दिसलं तर जागा बदला. उठलीच तर चेहरा झाकून लांब पळायचं, हात झटकत उभं राहायचं नाही. दोर सोडता येण्याजोगा बांधायचं हेही एक कारण. दुसरा धोका वाळलेल्या गवताचा. नोव्हेंबरनंतर गवत मुरुमावर लोळतं आणि उतरणीला पाय सटकतात. तिसरा पाण्याचा. दिवाळीत भरलेलं टाकं फेब्रुवारीत तळाला गेलेलं असतं, म्हणून आठवडाभर आधी कोणाला तरी पाठवून खात्री करा. चालण्याच्या दिवशी मुलामागे तीन लिटर धरा. वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मे आणि परतीच्या पावसात, विजा दुपारनंतर येतात, तेव्हा दुपारी एकपर्यंत माथ्यावरून खाली असलं पाहिजे.

प्रत्येक सहलीचा एक पानी कागद करा. परत फिरायची वेळ, कुठे नेटवर्क मिळतं, रस्त्याचं सगळ्यात जवळचं ठिकाण, आणि सर्पदंशावरची लस असलेलं जवळचं रुग्णालय. ती आज उपलब्ध आहे का हे निघायच्या सकाळी फोन करून विचारायचं. साप चावला तर कापणं, आवळून बांधणं, चोखणं यातलं काही नाही: मुलाला निजवून हात-पाय हलू न देता उचलून न्यायचं आणि १०८ ला कळवायचं. परत फिरायची वेळ झाली की माथा शंभर पावलांवर असला तरी फिरायचं. हा निर्णय आदल्या रात्री कागदावर घेतलेला असतो म्हणूनच तो पाळता येतो.

परवानग्या वेळखाऊ आहेत, पण वगळायच्या नाहीत. शाळेच्या सहलीला शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणि प्रत्येक पालकाचं लेखी संमतीपत्र. वासोट्याला जायचं तर तो कोयना अभयारण्यात आहे, बामणोलीहून बोटीने जावं लागतं आणि वनविभागाची परवानगी लागते. संरक्षित किल्ल्यांच्या तटा-बुरुजांत खिळा किंवा बोल्ट मारायचा नाही. प्रतापगड तर २०२५ पासून जागतिक वारशात आहे. खासगी आयोजकांसाठी राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. मुली असतील तर महिला शिक्षिका किंवा प्रशिक्षक हवीच. कोणताही मोठा माणूस एका मुलाबरोबर तंबूत किंवा खोलीत एकटा असता कामा नये. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्याप्रमाणे तक्रार दडवणं हाच गुन्हा आहे, हे तुमच्या सहायकांनाही माहीत हवं.

पैशांचं स्पष्ट बोलू. दिवसावर काम करणाऱ्याचा सह्याद्रीतला मुख्य हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मार्चमध्ये परीक्षा, एप्रिल-मेमध्ये उन्हाळी शिबिरं किंवा हिमालय, आणि पावसाळ्यात बरेच दिवस रिकामे. शिबिरवाले ‘महिन्याला वीस दिवस सहज’ म्हणतील. घरचा हिशोब वर्षाला शंभर दिवसांवर करा, त्यातून विमा, प्रमाणपत्रांचं नूतनीकरण आणि स्वतःचं साहित्य वजा करा, आणि राहिलेली रक्कम आजच्या वार्षिक पगाराशेजारी लिहा. दोघांनी मिळून तो कागद बघा. हंगामात शनिवार-रविवार, म्हणजे मुलगी घरी असते नेमके तेच दिवस, तुम्ही बाहेर असाल. महिन्याला किती रात्री चालतील हा आकडा आधी घरात ठरवा आणि मग बाहेर बोलणी करा.

तुमच्या परिस्थितीत आम्हाला अधिक योग्य वाटते ती निवासी किंवा आंतरराष्ट्रीय शाळेतली पगारी जागा, आणि पाचगणी तुमच्याच जिल्ह्यात आहे. तिथे आउटडोअर विभागाची जबाबदारी, आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) शाळा असेल तर सीएएस, म्हणजे सर्जनशीलता, उपक्रम आणि सेवा, या भागाच्या समन्वयकाचं काम, किंवा इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपलच्या प्रवासमोहिमा सांभाळणं असं काम निघतं. या पुरस्काराच्या कांस्य पातळीला दोन दिवस-एक रात्र, रौप्यला तीन दिवस-दोन रात्री आणि सुवर्णला चार दिवस-तीन रात्रींची मोहीम असते. ती आखणारा, मुलांकडून तयारी करून घेणारा आणि लांबून लक्ष ठेवणारा जाणता शिक्षक लागतो. बी.पी.एड., प्रथमोपचाराचं मोठं प्रमाणपत्र, बीएमसी आणि तुमची ती वही, एवढ्यावर अर्ज करण्याजोगे व्हाल. कमी पडेल ते इंग्रजी. जोखमीचा आराखडा आणि पालकांना पत्र इंग्रजीत लिहावं लागतं. आतापासून प्रत्येक सहलीचा कागद मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही लिहायला लागा.

आणि ज्या संस्थेने बोलावलं आहे तिला नाही म्हणू नका, चार प्रश्न विचारा. दोरांची वही दाखवता का? गेल्या वर्षात थोडक्यात टळलेले प्रसंग कुठे लिहून ठेवलेत? बचावाचा सराव शेवटचा कधी झाला? येण्या-जाण्याच्या दिवसाचे पैसे मिळतात का? ‘आमच्याकडे आजवर काहीच झालेलं नाही’ असं उत्तर आलं तर जपून राहा. काही होत आलेलं टळलं ते कोणी लिहितच नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो. वह्या समोर ठेवणारी संस्था असेल तर दिवाळीच्या सुट्टीत, शाळेची परवानगी काढून, सहायक म्हणून जा.

जाण्याआधी अपघात विम्याचं एक काम करा. बऱ्याच वैयक्तिक अपघात पॉलिसींत गिर्यारोहण आणि साहसी खेळ वगळलेले असतात, आणि ते बारीक अक्षरात असतं. एजंटला ‘मी मानधनावर रॅपलिंग आणि ट्रेकिंगचं काम करतो, हे यात बसतं का?’ असं लिहून विचारा आणि उत्तर लिहूनच घ्या. बसत नसेल तर वेगळी पॉलिसी काढा आणि तिची एक प्रत पत्नीकडे ठेवा.